कापराची पट्टी

देवघरातली निम्मी भांडी घासून झाली होती आणि निम्मी तशीच काळी पडून होती. समई लखलखत होती, तिच्या शेजारचं निरांजन मात्र तेलकट तोंडानं आपली पाळी कधी येते म्हणून बघत बसलं होतं. शिवगंगा परड्यातल्या दगडापाशी उकिडवी बसून तांब्याच्या अभिषेकपात्राला तुसाची राख चोळत होती. बिद्रीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला तिचं सासर. तिथल्या बायका भांड्यांना दुसरं काही लावतच नसत. मीरासाबच्या भातगिरणीतून भाताचं तूस आणायचं, परड्यात ढीग करून मंद जाळायचं आणि जी काळी राख पडेल ती वर्षभर पुरवायची. भांडीही तिनंच आणि दातही तिनंच.

परड्यासमोर मठ होता. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती, तरी गावात काही सांगायचं म्हटलं की माणसं मठाच्या ओसरीवरच जमत. त्या दिवशी शेतकी खात्याचा एक तरुण साहेब कर्णा लावून भात लावायची नवी पद्धत सांगत होता. ऐकणाऱ्यांत बहुतेक ऊसवाले. ते खांबाला टेकून छान डुलक्या काढत होते. कर्ण्यातून शिवगंगाच्या कानावर आलं, की ज्या वाफ्यात भाताचा तरवा टाकायचा, म्हणजे लावणीआधी रोपं वाढवायची, त्या वाफ्यात तुसाची काळी राख मिसळावी. रोप ताठ होतं, किडीला सहजासहजी बळी पडत नाही. मग साहेबानं विचारलं, की अशी राख या गावात कुणाकडं मिळेल का.

शिवगंगा उठली. हातात अभिषेकपात्र तसंच, कोपरापर्यंत दोन्ही हात काळे, मघाशी नाक खाजलं होतं तिथंही एक बोट उमटलेलं. ती थेट मठाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, किती पायजे?"

ओसरी खडबडून जागी झाली. साहेबालाही हसू आवरेना. फक्त एकच माणूस हसला नाही. तो मल्लेश, तिचा नवरा. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

मल्लेश वाईट माणूस नव्हता. तो ऊसवाला होता, एवढंच. कारखाना जवळ, ऊस लावला की वर्षभर निवांत, पाणी द्यायचं आणि ऊसतोडीची टोळी येईपर्यंत मिशीला पीळ द्यायचा. त्यानं एकेक करत सगळं रान उसाखाली आणलं होतं. भाताची एकच पट्टी उरली होती, ओढ्याकाठची, डांबरी रस्त्याला लागून. तीही या दिवाळीनंतर मोडून उसाची सरी सोडायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

त्याचंही अगदीच चूक होतं असं नाही. त्या पट्टीला खत पुरत नसे. डोंगराकडचा पाऊस तो, एकदा लागला की आठवडा आठवडा सूर्याचं तोंड दिसायचं नाही. मल्लेश सकाळी युरिया फेकून घरी यायचा आणि दुपारच्या सरीनं तो सगळा बांध ओलांडून ओढ्यात. मग पुन्हा फेका, पुन्हा ओढा. लावणीच्या टोळीची म्होरकी बायडाबाई दरवर्षी त्याला विचारायची, की मल्लूआण्णा, तू भात पिकवतोयस का ओढा? आणि ओढा खरंच पिकला होता. पाण्यावर हिरवं बुळबुळीत शेवाळ, तळाला गाळ, खेकडे कधीचे पसार. बैल पाण्याशी जाऊन हुंगत आणि न पिता माघारी वळत.

पण शिवगंगाचा जीव त्या पट्टीत अडकला होता. या घरात एक रीत होती. श्रावणातल्या सोमवारी मठातल्या शिवय्या स्वामींच्या झोळीत भात पडायचा तो घरच्या रानातला, विकतचा नाही. सासूबाई चिमणाबाईंनी ती रीत सांभाळली होती आणि लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात सुनेच्या ओंजळीत तांदूळ घालून सांगितलं होतं, की आता हे तुझ्याकडं. पट्टीत ऊस आला की रीत संपली. आणि दुसरं कारण शिवगंगा कुणाला सांगत नसे. तिला लावणीचे दिवस फार आवडायचे. गुडघाभर चिखल, डोक्यावर पावसाची खोळ, रांगेनं मागं मागं सरकणाऱ्या बायका, गाणी, एकमेकींच्या सासरचा उद्धार. उसाच्या रानात हे कुठलं? तिथं दोनदा तण भांगलून काढलं की उसाचा पाला बाईला बाहेर हाकलून देतो.

म्हणून त्या संध्याकाळी तिनं भाकरी वाढता वाढता विषय काढला. नव्या पद्धतीनं एक हंगाम करून बघू या, म्हणाली. मल्लेशनं आधी कालवण संपवलं, मग बोलला.

"एक हंगाम. गेल्या सालापरास एक पोतं जरी जास्त आलं तर पट्टी तुजी. न्हाय आलं तर दिवाळीला सरी सोडायची, आन् मग मठात बसून रडायचं न्हाय."

"रडणार कोण ते बघू की," शिवगंगा म्हणाली आणि त्याच्या ताटात न मागता अजून एक भाकरी टाकली.

साहेबानं सांगितलेली पद्धत ऐकायला सोपी होती. तरव्यात राख. बांधावरच्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला कापून चिखलात तुडवायचा. रोपं मन मानेल तशी न खोवता दोरी धरून लावायची, एक अंतर आखूड, पुढचं लांब, पुन्हा आखूड, पुन्हा लांब. आणि खत फेकायचंच नाही. दोन खतं एकत्र दाबून त्याच्या वड्या केलेल्या असतात. जवळ आलेल्या दर चार रोपांच्या मधोमध एक वडी चिखलात खोल खुपसायची. ती तिथंच हळूहळू विरघळते, रोपाच्या मुळाशी राहते, ओढ्याला जात नाही. एकदा खुपसली की हंगामभर पुन्हा खताचं नाव नको.

राखेची अडचण नव्हती. मीरासाबनं तर हात जोडले. त्याच्या गिरणीमागं तुसाचा डोंगर झाला होता, वारं सुटलं की ते सगळं शेजाऱ्यांच्या जेवणात जायचं आणि शिव्या त्याला बसायच्या. "ने बाई, सगळं ने," तो म्हणाला, "तुज्या रानाचं भलं हू दे आन् माज्या मागची कटकट जाऊ दे."

अडचण झाली ती दोरीची. शिवगंगानं जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधून दोरी तयार केली आणि बायडाबाईला दाखवली. बायडाबाईनं ती दोन बोटांत धरून, मेलेला साप धरावा तशी लांब धरली. आपण काय म्हशी आहोत का दाव्याला बांधून चालवायला, असं तिचं म्हणणं. तिच्या टोळीच्या बायका गाण्यावर लावण करायच्या. हात गाण्याबरोबर चालायचा आणि गाणं कुणाच्या दोरीनं चालत नसतं. शिवगंगानं तिला चहा पाजला. मग अजून एकदा पाजला. शेवटी बायडाबाईनंच तोडगा काढला, की गाण्याचं धृपद आलं की दोरी उचलायची आणि कडवं सुरू झालं की ठेवायची. परड्यातच दोघींनी करून बघितलं. चिंधी ते चिंधी, आखूड-लांब, आखूड-लांब, असा फुगडीसारखा ठेका धरला गेला, की बायडाबाई मघाचा राग विसरून तिथंच गिरकी घेऊन मोकळी झाली आणि तुसाच्या ढिगात बसली.

लावणीच्या आधी साहेब खताच्या वड्या प्लास्टिकच्या पिशवीतून देऊन गेला. पांढुरक्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या, मधूनच काळसर ठिपका. त्यातलं एक खत काळं असतं म्हणाला. आणि बजावून गेला, की यांना हवा लागू देऊ नका, घाम सुटतो. त्या दिवसांत त्या गावात मिठाला घाम सुटायचा, साखरेला सुटायचा, भिंतींना सुटायचा. चिमणाबाईंचा प्लास्टिकवर विश्वास नव्हता. त्यांनी वड्या डालड्याच्या एका जुन्या डब्यात ओतल्या, झाकण दाबून बसवलं आणि घरात जी एकच कोरडी जागा होती, चुलीजवळची फळी, तिच्यावर पापडांच्या शेजारी डबा नेऊन ठेवला.

त्या फळीवर डालड्याचा अजून एक डबा आधीपासूनच होता.

श्रावणातला मठाचा कापूर दरवर्षी एका घराकडं असायचा. त्या साली पाळी मल्लेशच्या घराची. शिवगंगानं कोल्हापूरला जाऊन मंगळवार पेठेतून महिनाभराचा कापूर एकदम आणला होता, पांढऱ्या वड्यांचा, सुटा. आणि कापूर उडून जाऊ नये म्हणून आपल्याकडं करतात तसं, त्यात मूठभर काळे मिरे टाकून डबा बंद करून ठेवला होता.

पावसानं त्या साली लावण लांबवली. शेवटी नेमकी पहिल्या श्रावणी सोमवारी आली. सोमवारी बैलांना जुंपायचं नाही, बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. म्हणून आदल्या दिवशीच चिखल करून घेतला होता. हातानं लावायला वार आड येत नाही. शिवगंगानं बेत आखला, की आधी मठात अभिषेक आणि आरती, मग तशीच रानात. बायडाबाईला सांगून ठेवलं, की तू रस्त्याच्या अंगानं सुरुवात कर, आत्तींकडून, म्हणजे चिमणाबाईंकडून, वड्यांचा डबा ने, मी आलेच.

पहाटे कौलातून गळती लागली ती नेमकी फळीवर. चिमणाबाईंनी दोन्ही डबे उचलले, फळी पुसली, डबे परत ठेवले. डावीकडचा उजवीकडं गेला का, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पडदा आला होता आणि त्या सवयीनं घर चालवत होत्या. शिवगंगा न्हाऊन, कपाळाला विभूती लावून, ओठांत नामस्मरण चालू असताना आली, डावीकडचा डबा उचलला आणि मठात गेली. थोड्या वेळानं बायडाबाई आली. चिमणाबाईंनी उजवीकडचा तिला दिला.

मठात अभिषेक झाला. पात्रातलं पाणी धारेनं पडत होतं, पितळी परात भरून वाहिली, पाणी फरशीभर पसरलं. झांजा सुरू झाल्या, ढोलकी सुरू झाली, सगळा गाव आरती म्हणू लागला. ताट मल्लेशच्या हातात, कारण पाळी त्याच्या घराची. शिवय्या स्वामींनी डब्यातून सढळ मूठ भरून ताटात ठेवली आणि काडी ओढली.

वडी पेटली नाही. दुसरी काडी. तिसरी काडी. आरती थांबवता येत नाही, म्हणून लोक तेच कडवं पुन्हा म्हणू लागले. स्वामींना वाटलं कापूर सर्दावला; त्यांनी समईची वातच ताटात आडवी केली. तेव्हा वड्या चुरचुरल्या. त्यांना फेस आला. मग ताटातून असा एक वास निघाला, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचा आवाज चढला आणि एकदम बुडाला. पहाटे बंद गोठ्याचं दार उघडावं तसा वास. ढोलकीवाल्यानं तोंड फिरवलं पण हात चालू ठेवला. मल्लेश ताट ओवाळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मागच्या बायका एकमेकींना खुणावत होत्या, की मल्लूआण्णाला आज भरून आलंय.

मल्लेशनं ताट खाली आणलं. एक वडी चिमटीत धरली, नाकाशी नेली, आणि आरतीच्या मधल्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"स्वामी, ह्यो कापूर न्हाय. ह्यो युरिया हाय."

शिवगंगाच्या डोक्यात आधी दोन्ही डबे आले, मग फळी आली, मग बायडाबाई आली. ती उठली आणि पळत सुटली. अंगावर नवं इरकल, भर पावसात, कपाळावरची विभूती ओघळून नाकावर. रस्त्यानं ती पळत होती आणि मागून निम्मा मठ पळत होता, कारण असा सोमवार पुन्हा कुणाला मिळणार होता?

पट्टीजवळ पोचायच्या आधीच तिला वास आला. ओल्या चिखलाच्या, चुरगळलेल्या पाल्याच्या वासातून वर येणारा कापराचा गार दरवळ. जणू त्या रानात देऊळ बांधलं होतं. आणि बायका लावणीची नेहमीची चावट गाणी सोडून चक्क अभंग म्हणत होत्या. दोरी उचलत होत्या, ठेवत होत्या, खुपसत होत्या. रस्त्याच्या बाजूचा एक चांगला रुंद पट्टा लावून झाला होता, सरळ, रेघ मारल्यासारखा.

बायडाबाईनं मान वर केली. तिचा चेहरा खुलला होता.

"गंगाअक्का, खत असावं तर असं. माजी सर्दी गेली."

शिवगंगानं डबा बघितला. निम्म्याच्या खाली गेलेला. तळाला चार-दोन मिरे.

"बायडाअक्का, ह्ये काळं काळं कुटं गेलं?"

"ते बी लावलं की. काळं खत असतंय म्हणालीस न्हवं तू?"

शिवगंगा बांधावर बसली. आधी तिला रडू आलं, पण ते वर येईतो त्याचं हसू झालं. मागून आलेली माणसं हसत होती, चिखलातल्या बायका काही न कळून हसत होत्या, आणि कळल्यावर एवढ्या हसल्या की दोघी रोपांसकट मागं बसल्या. चिमणाबाई छत्री घेऊन सगळ्यांच्या शेवटी आल्या. त्यांना जेव्हा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, की वास तरी चांगला येतोय. शिवय्या स्वामीही आले होते. माणसं त्यांच्या तोंडाकडं बघू लागली, की आता काय प्रायश्चित्त सांगतात. स्वामींनी रानाकडं बघून हात जोडले.

"रानाचं देवाकडं आलं, देवाचं रानाकडं गेलं. सोमवार हाय. बिघडलं कुटं?"

बिघडलं होतं ते एका शिवगंगालाच ठाऊक. मठातला डबा आणायला माणूस धावला, तेव्हा कळलं की अभिषेकाचं पाणी फरशीवरून वाहत त्या जुन्या डब्याच्या गंजक्या बुडातून आत शिरलं होतं. वरच्या वड्या शाबूत होत्या, खालच्यांचा काला झाला होता. शाबूत होत्या त्या उरलेल्या रानाला जेमतेम पुरल्या. काला मठामागच्या अळवाच्या वाफ्यात ओतला. त्या श्रावणात ते अळू छत्रीएवढं झालं आणि घरोघरी त्याचं फदफदं झालं. पण रस्त्याकडच्या पट्ट्याला खत नव्हतं. त्याच्या पोटात नुसता कापूर आणि मिरे होते. एका पोत्याची पैज, आणि ते पोतं कापरात गेलं, असं तिच्या मनानं घेतलं.

मल्लेशलाही ते कळलं असावं. संध्याकाळी तो परड्यात येऊन उगीचच बैलांच्या गव्हाणीत हात फिरवत उभा राहिला आणि मग म्हणाला, की घरात युरियाचं पोतं आहे, त्या पट्ट्यात दोन मुठी फेकून दे, आपण काय त्याचा हिशोब धरणार नाही. शिवगंगाला त्याची अशी माया आली, की ती हो म्हणायच्याच बेतात होती. पण ती नको म्हणाली. तिथं कापूर पडलाय, ती जागा देवाची, आता तिच्यावर काही फेकायचं नाही. मल्लेश म्हणाला, तुझी मर्जी.

गावाला महिनाभर दुसरा विषय नव्हता. मल्लेशला बघितलं की कुणीतरी विचारायचं, औंदा कापूर किती पोती? पुढच्या साली उदबत्ती लावणार का? चहाच्या टपरीवर त्याला मसाल्याचा चहा मिळू लागला, मिरे घातलेला, न मागता. तो सायकलवरून बिद्रीच्या कारखान्यावर चक्कर मारायला जायचा तो आता पट्टीपाशी आला की मान दुसरीकडं वळवून जोरात पायडल मारायचा.

आणि मग एका उघडिपीच्या सकाळी त्यानं मान वळवली नाही.

उरलेलं रान काळंभोर हिरवं झालं होतं. रोपं फुटून गच्च, पानं रुंद, ताठ. आणि रस्त्याच्या बाजूचा पट्टा, तीच रोपं, तोच तरवा, तीच राख, तोच पाला, त्याच बायका, पण हळद लावल्यासारखा पिवळट आणि अंगानं बारीक. दोहोंच्या मधे कुणी दोरी धरून रेघ ओढावी तशी रेघ. दोरी धरूनच ओढली होती म्हणा. एस.टी.तली माणसं खिडकीतून मान काढून बघत होती. मल्लेश सायकल धरून उभा राहिला. त्या दिवशी तो कारखान्यावर गेलाच नाही.

ही रेघ जर साहेबानं आखून दाखवली असती, तर गावानं म्हटलं असतं की साहेबाचं रान, साहेबाचं खत, त्यात काय. पण ही चिमणाबाईंच्या गळक्या कौलानं आखली होती. तिच्यावर अविश्वास कसा ठेवणार? माणसं येऊ लागली. बायडाबाईनं मात्र कापराची बाजू सोडली नाही. ती ज्याला त्याला सांगायची, की कापराच्या पट्ट्यात एक किडा दिसत नाही, बघून घ्या. किडा खरोखरच नव्हता. त्याला तिथं खायलाच काही नव्हतं.

एकदा शिवगंगा बांधाच्या पलीकडं बैलांना चारा कापत होती. रस्त्यावर मल्लेशचा आवाज आला. तो कुणा परगावच्या माणसाला थांबवून बोलत होता.

"पावणं, हिकडं बघा. ती पिवळी दिसती न्हवं, ती पट्टी माजी. आन् ही काळीभोर, ही बायकोची. एकदाच खत घातलंय बगा हिला. पाऊस झाला तरी कुटं जाईत न्हाय."

शिवगंगा विळा तसाच धरून खाली बसली आणि पदर तोंडात घालून हसत राहिली. तिनं हे त्याला कधी कळू दिलं नाही.

पुढच्या चार-पाच वर्षांत त्या ओढ्याकाठच्या पुष्कळ रानांत वड्या गेल्या. बायकांच्या बचत गटानं वड्या पाडायचं यंत्र आणलं, ते मीरासाबच्या गिरणीच्या कोपऱ्यात बसलं. ते पावसाळ्यात हटकून अडायचं, वड्या एकमेकींना चिकटून बसायच्या, काही जणांनी कंटाळून सोडूनही दिलं. दोरीनं लावायला वेळ जास्त जातो म्हणून बायडाबाईच्या टोळीनं हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, वाढवून घेतली, आणि ती वाढवायला लागते हे पुरुषांना पटायला दोन हंगाम गेले. ऊस काही गावातून गेला नाही. पण ओढ्यावरचं शेवाळ फाटत गेलं, तळाचे गोटे दिसू लागले, खेकडे परत आले. शिवगंगाच्या शाकाहारी घरात खेकड्याचं नाव काढत नाहीत. ते बायडाबाईनं एका सकाळी पाटी भरून दारावरून नेले आणि मुद्दाम हळू चालली.

पण ते सगळं मागाहून. त्या साली दिवाळी तोंडावर आली तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं आणि पट्टीतलं भात खळ्यावर येऊन पडलं होतं.

मळणी झाली. चिमणाबाईंच्या हट्टाखातर कापराच्या पट्ट्याची रास वेगळी घातली. ती एवढीशी झाली. शिवगंगानं तिच्याकडं बघायचं टाळून सूप उचललं. मग मोठी रास भरायला घेतली. मल्लेश पोत्याचं तोंड धरायचा, शिवगंगा सुपानं ओतायची, बायडाबाई मोजायची आणि मोजताना मुद्दाम चुकून परत पहिल्यापासून मोजायची. कापराची एवढीशी रासही त्यात धरली. गेल्या सालची पोती पुरी झाली तरी खळ्यावर अजून रास उरली होती. मल्लेशनं पुढचं पोतं झटकलं आणि तोंड धरलं. ते भरत आलं. त्यानं ते हलवलं, दाबलं, पुन्हा हलवलं, जेवढं म्हणून दाबता येईल तेवढं दाबलं. शिवगंगानं सूप ओतलं. पोतं काठोकाठ भरलं आणि वरचे दाणे त्याच्या पायांवर सांडले. खळ्यावर तरी रास होतीच.

"मल्ल्या, आता तोंड बांध की," चिमणाबाई म्हणाल्या. "पोत्याचं म्हन्ते मी."

मल्लेशनं सुतळी काढली, पोत्याचं तोंड बांधलं, गाठ दोनदा मारली. मग सरळ उभा राहून टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"पट्टी तुजी," तो म्हणाला. "पण येवढं ठेवायचं कुटं, ते बी तूच बघ."

बायडाबाईनं खळ्याच्या मधोमध फुगडी मागितली, आणि चिमणाबाईंनी, डोळ्यांना दिसत नसताना, तिचे हात बरोब्बर धरले. भुसा उडत होता, दोघी गरगरत होत्या आणि मल्लेश बैलांना उगीचच ओरडत होता. शिवगंगा हसून हसून दमली, मग पदरानं तोंड पुसून घरात गेली आणि माजघर नजरेनं मापून आली. घरातली कणगी लहान पडणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बुरुडाकडं जायचं होतं, नवी मोठी कणगी विणायला सांगायला.